सोहार, इब्री, निझवा आणि मंगलचं लग्न

दौंड स्टेशनवर मला सोडायला चौघं आली होती: आबा, आई, धाकटी बहीण मंगल आणि रेल्वेत पॉइंट्समन असलेले मामा. गाडी थांबली तसा मी जनरल डब्यात घुसलो आणि खिडकीजवळ बसलेल्या माणसाशी जागेवरून वाद घालू लागलो. आईला मी दिसायला हवा, म्हणून मला खिडकी हवी होती. आधी विनंती केली, मग पिशवीतले निम्मे लाडू देऊ केले, मग आवाज चढवला. शेवटी तो उठला. मी खिडकीशी टेकलो तेव्हा फलाट मागे पडला होता आणि बाहेर मालगाडीचे डबे उभे होते. जागा जिंकल्याचा आनंद मला पुण्यापर्यंत पुरला. पुढे मुंबईपर्यंत मी नुसता बसून होतो.

गाडी यायच्या आधी आबा एवढंच बोलले होते, "चाललायस तर जा. पर तिथं कुणाशी भांडू नगंस. सोडवायला आमी न्हाई तिथं."

आमचं गाव वडगाव रासाई. लहानपणी मी आबांबरोबर तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसायचो. आबांना भाव करायची लाज वाटे. गिऱ्हाईक म्हणेल त्याला ते "बरं" म्हणायचे आणि जुडी पुढे करायचे. मला ते बघवेना. दहा-अकरा वर्षांचा असताना बोलणं मी माझ्याकडे घेतलं, आणि त्यानंतर आमच्या घरातलं सगळं बोलणं मीच करायचं, असं मी धरून चाललो.

कॉलेजसाठी दौंडला मामांकडे राहायला गेलो. रेल्वे कॉलनीत सिमेंटचं एक मैदान होतं, दोन्ही बाजूंना बिनजाळीच्या रिंगा. तिथे बास्केटबॉल शिकलो. उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे या खेळात बुटकाच. म्हणून चेंडू नुसता स्वतःच्या हातात ठेवायला शिकलो. समोरचा सहा फुटी असो की साडेसहा, चेंडू काढून घ्यायला त्याला वाकावंच लागतं. पुण्यातल्या एका स्पर्धेत मस्कतच्या एका कंपनीच्या माणसाने मला पाहिलं. तिथल्या कंपन्यांची आपसात लीग चालायची आणि तिच्यासाठी ते खेळाडू नोकरीवर घेत. कागदावर मी स्टोअरकीपर झालो, प्रत्यक्षात टीमचा गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारा. कुणाची चिठ्ठी नव्हती, कुणाचा हात डोक्यावर नव्हता. नव्वदचं दशक संपायला आलं होतं.

तुमच्यापैकी जे तिकडे गेलेत त्यांना ठाऊक आहे, तेव्हा तिथला वीकेंड गुरुवार-शुक्रवारचा असायचा. घरी सगळे रविवारी निवांत जेवायला बसलेले असत तेव्हा मी गोडाऊनमध्ये नटबोल्टांच्या पेट्या मोजत असे. पहिलं वर्षभर मला फक्त रविवारी घराची आठवण यायची. बाकीचे दिवस ठीक जायचे.

दुसऱ्या वर्षी मंगलसाठी शिरूरचं एक स्थळ आलं. त्यांनी मोटारसायकल मागितली. आबा अर्थात "बरं" म्हणाले. मी फोनकार्डं घेऊन बूथमध्ये उभा राहिलो. तीन फोनांत मी मोटारसायकल काढून टाकली. चौथ्या फोनला लग्नाचा निम्मा खर्च त्यांच्यावर घातला. पाचव्या फोनला मुलाच्या चुलत्याला त्याची लायकी सांगितली. सहावा फोन त्यांनी उचलला नाही. मुलगा मंगलला पसंत होता, हे मला नंतर आईकडून कळलं. मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, मोटारसायकल मागणाऱ्याच्या घरात बहीण द्यायची नसते.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आबांचा फोन आला. मंगलचं ठरलं होतं. मुलगा दौंडचा, संतोष नाव, साखर कारखान्यात केमिस्ट. देणंघेणं काही नाही. लग्न पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी.

"तारीख कुणाला विचारून धरली?"

"समद्यांना इचारलं की. कार्यालय मोकळं हाय का बघितलं, मामाची ड्यूटी बघितली, तिकडच्या मंडळींना इचारलं."

"आणि मला?"

"तुला कळवतूय न्हवं."

मग आईने फोन घेतला. तुला जमणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणाली, काळजी करू नकोस, कानपिळीला चुलत्याचा सुनील उभा राहील. त्याला नवीन शर्टही शिवलाय.

मला काय लागलं असेल तर ते हे. नवऱ्या मुलाचा कान पिळायला सख्खा भाऊ असताना चुलतभावाला शर्ट शिवायचा! मी तिथेच ठरवलं की त्या रविवारी संतोषचा कान माझ्याच हातात असेल.

लीग ऐन भरात होती. टीमचे मॅनेजर कुरियनसाहेब, केरळचे. शांत माणूस, पण बोलण्यात माझ्या तोडीचा. आमचे पासपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये असत. मी दहा दिवस मागितले.

"लीग बीच में छोड के कौन जाता है?" म्हणाले. "ज़ीरो."

तास-सव्वा तास बोललो. मी आठवर आलो, ते शून्यावरच. मग मी जेवणाची सुट्टी झाली तरी त्यांच्या टेबलासमोरून उठलो नाही, तेव्हा ते हलले. ठरलं ते असं: लग्नाच्या आधीच्या गुरुवार-शुक्रवारी बाहेरगावी, सोहार, इब्री आणि निझवाला, तीन सामने होते, ते तिन्ही मी खेळायचे. शुक्रवारी रात्रीचं विमान घ्यायचं, बुधवारी सकाळी कामावर हजर व्हायचं. पण तिन्हींतले दोन जिंकले तरच. नाहीतर पुढच्या फेरीसाठी रविवारी एक जादा सामना पडणार होता.

"संडे को मैच हुआ," साहेब म्हणाले, "तो शादी का वीडियो देखना."

मी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. पासपोर्ट त्यांनी बसमध्ये बरोबर घ्यायचा, म्हणजे निझवाहून मला थेट विमानतळ गाठता येईल. त्यांनी तो कातडी बॅगेत ठेवला. पुढचे दोन दिवस मी रिंगेकडे जितकं पाहिलं तितकंच त्या बॅगेकडे.

बस कंपनीची होती, कामगारांना साइटवर नेणारी. सरळ पाठीची बाकं, मान टेकायला जागा नाही. माझ्या शेजारी रेने असायचा, फिलिपिनो, कंपनीत सुतार आणि मैदानात आमचा सगळ्यात उंच खेळाडू. पाय मावत नसल्याने तो ते वाटेत पसरून ठेवायचा आणि सगळे ओलांडून जायचे. पहाटे निघून गुरुवारी सकाळी सोहारला पोचलो, उन्हात खेळलो, अकरा गुणांनी जिंकलो. आंघोळीला पाणी नव्हतं. घामेजलेल्या कपड्यांवरच बसमध्ये चढलो, गुडघ्यावर डबा ठेवून भात खाल्ला आणि डोंगरातल्या रस्त्याने संध्याकाळी इब्रीला उतरलो तेव्हा पोटऱ्यांचे गोळे झाले होते.

इब्रीत आम्ही हरलो आणि ते माझ्यामुळे. शेवटची चार मिनिटं होती, आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. रेफरीने माझ्याविरुद्ध फाउल दिला. हात लागलाच नव्हता. मी त्याला मराठीत बोललो. भाषा त्याला कळली नसेल, स्वर कळला. टेक्निकल फाउल झाला, तो माझा पाचवा. पाचव्याला खेळाडू बाहेर, मी बाकावर. तिथे बसून मी आमची टीम तीन गुणांनी हरताना पाहिली. हात लागला नव्हता हे मी आजही सांगतो.

बसमध्ये साहेब बॅग मांडीवर घेऊन पुढच्या बाकावर बसून राहिले. रेनेला मोडकंतोडकं हिंदी यायचं. तो म्हणाला, "तुम सब से लडता है, ब्रदर. अभी कौन बाकी है?"

"तू," मी म्हणालो.

"मेरे से कल लडो. आज मेरा पैर दुखता है," असं म्हणून तो झोपला.

शुक्रवारी नमाजानंतर, चारच्या सुमाराला निझवाचा सामना सुरू झाला. हा हरलो की रविवार तिथेच जाणार होता. समोरचा गार्ड तोंडाळ होता. प्रत्येक वेळी जवळ आला की म्हणायचा, "गो प्ले क्रिकेट, इंडिया." मी दात आवळून ठेवले. मला गप्प बसायची सवय नाही. तिसऱ्या क्वार्टरला जबडा दुखायला लागला. पोटरीत पेटका आला तेव्हा रेनेने मला बाजूला ओढून पाय ताणून दिला, मिठाचं पाणी पाजलं आणि परत ढकललं. शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत होते. मी चेंडू घेतला आणि कुणालाही दिला नाही. तो तोंडाळ गार्ड आधी हाताने झडप घालत राहिला, मग चिडला आणि अंगावर आला. फाउल. दोन फ्री थ्रो. पहिला चुकला. दुसरा रिंगेवर दोनदा आपटून आत पडला. एका गुणाने जिंकलो.

साहेबांनी बॅग उघडून पासपोर्ट दिला. "वेडनसडे मॉर्निंग."

"दोपहर," मी म्हणालो.

ते हसले. "वेडनसडे मॉर्निंग, दत्ता."

शनिवारी दुपारी दौंडला उतरलो आणि जीपने गावी पोचलो. अंगणात हळदीची तयारी चालली होती. मंगल पाटावर बसलेली होती. मला पाहून ती एवढंच म्हणाली, "आलास?" आनंदाने तिला शब्द सुचले नाहीत, असं मी समजलो. सुनीलला मी सांगितलं, शर्ट घाल, पण कानाजवळ येऊ नकोस.

रविवारी अक्षता पडल्या. पुढच्या विधींत कानपिळीची वेळ आली. मी पुढे झालो, संतोषचा उजवा कान धरला आणि पिळला. बायका हसल्या. त्याच्या वडिलांनी रीतीप्रमाणे शर्ट-पँटचं कापड पुढे केलं. मी घेतलं नाही. आणखी हसू झालं. मेहुणा अडून बसलाय, घड्याळ द्या, अंगठी द्या, कुणीतरी ओरडलं.

"मला काही नको," मी म्हणालो. "तारीख कुणी धरली ते सांगा, मग सोडतो."

"अहो दादा, गुरुजींनी काढून दिली," त्याचे वडील म्हणाले.

"काढली गुरुजींनी. धरली कुणी?"

हसू कमी झालं. संतोषचा कान लाल झाला होता. तो बिचारा वाकून उभा होता. आबा गर्दीतून म्हणाले, "दत्तू, पुरं आता." मी आणखी पिळला. महिनाभराचा राग होता, दोन दिवसांत तीन सामन्यांचा शीण होता, आणि चेंडू एकदा हातात आला की मी सोडत नाही.

मुंडावळ्यांआडून मंगल हळू आवाजात म्हणाली, "मी धरली. तू येऊ नयेस म्हणून. कान सोड, दादा."

आम्हा तिघांशिवाय कुणाला ऐकू गेलं नसावं. मी कान सोडला. कापड घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या पंगतीत ती संतोषला घास भरवायच्या आधी उठली आणि माझ्या पानात स्वतः जिलबी वाढून गेली.

परत निघालो तेव्हा आबा दौंडपर्यंत जीपमध्ये बरोबर आले. पारगाव मागे पडल्यावर म्हणाले, "तीन तारखा निघाल्या व्हत्या. दोन तुझी लीग संपल्यावरच्या. पोरीनं हीच धरली."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तिचं लगीन व्हतं."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं आस्तं तर तू तारखेवर घासाघीस केली आस्तीस. मंग संतोषच्या बापाला काय तरी बोलला आस्तास."

मी चिडलो. "मागच्या खेपेला त्या शिरूरवाल्यांची मोटारसायकल कुणी वाचवली?"

आबा रस्त्याकडे पाहत होते. "तिला मोटारसायकल चालली आस्ती," म्हणाले.

त्यानंतर मी चार वर्षं खेळलो. मग गुडघा गेला, नोकरी गेली, आणि मी सोहारला गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान काढलं. ते चालतं. अरब, पठाण, मल्याळी, सगळ्यांशी भाव करतो आणि बहुतेकदा वरचढ ठरतो. कुरियनसाहेब केरळला परत गेले. कधी वाटतं, त्या दिवशी ते जेवण सोडून माझ्याशी घासाघीस करत बसले, कारण त्यांना मी हवा होतो. घरच्यांनी माझ्याशी घासाघीस कधी केलीच नाही. ते आपसात ठरवतात आणि मला कळवतात. हा माझा राग आहे, तो गेलेला नाही, आणि जावा असं मला फारसं वाटतही नाही.

तुमच्यापैकी जे मागे राहिलेत त्यांना वाटतं, गेलेला माणूस घराची वाट बघत असतो. जे गेलेत त्यांना वाटतं, घर आपली वाट बघतंय. माझ्या बाबतीत दोन्ही तितकंसं खरं नाही. मी येऊ नये म्हणून तारीख धरणारी आणि मी आल्यावर सगळ्यांच्या आधी माझ्या पानात वाढणारी एकच मुलगी आहे, आणि ती जिथे आहे त्याला मी घर म्हणतो.

परवा तिचा फोन आला. दौंडला त्यांनी बंगला बांधलाय, त्याची वास्तुशांत आहे.

"तारीख कुणाला विचारून धरलीस?"

"तुला सोडून सगळ्यांना. येतोयस ना?"

दुकानाच्या शटरवर मी कागद चिकटवलाय: शनिवार ते बुधवार बंद.