आईनं फोडलेला ओटा

खिडकीखाली एका घराचं काम चाललं आहे. नुकत्याच पाणी मारलेल्या सिमेंटचा वास दुपारच्या उन्हाबरोबर वर येतो. गार, मातकट, किंचित चुन्याकडे झुकणारा. हा वास कुणाला आवडत असेल असं मला वाटत नाही. मी मात्र हातातलं काम बाजूला ठेवते आणि तो पोटभर घेते. मग हे शहर विरघळून जातं, आणि सुरतेतल्या डिंडोलीची आमची चिंचोळी गल्ली समोर येते. नव्वदच्या दशकातली, एका भिंतीला दुसरं घर टेकलेली.

आम्ही खानदेशातून आलेलो. वडील लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला. आई घरी बसून साड्यांना लेस लावायची, टिकल्या चिकटवायची. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे यायचे आणि आमच्या एवढ्याशा खोलीत मोरपिशी, डाळिंबी, आंबा रंगांचे ढीग लागायचे. त्या रंगांमधून वाट काढत आम्ही वाढलो. घर स्वतःचं होतं, पण ते पूर्वीच्या शेतजमिनीवर उभं राहिलेलं. आणि पुढचा रस्ता दर डांबरीकरणात वर वर चढत गेला, तशी आमची गल्ली खाली खाली गेली. भर पावसाळ्यात दारापुढचं उघडं गटर तुंबायचं आणि काळं पाणी न विचारता घरात यायचं. मग साड्या पलंगावर, पलंग विटांवर, आणि आई रात्रंदिवस त्या ढिगाची राखण करत बसलेली. एका साडीवर डाग पडला तरी व्यापारी पुन्हा काम देत नसे.

एका उन्हाळ्यात वडिलांनी मनावर घेतलं. उंबरठा वर उचलला, त्याच्यापुढे गटरावरून रस्त्यापर्यंत ऐसपैस ओटा बांधला, आणि गटराला वाट म्हणून ओट्याखाली एक पाइप घातला. वरची फरशी आईची. कुठूनकुठून तुटक्या लाद्यांचे तुकडे गोळा करून, त्यांचे रंग जुळवून तिनं ती स्वतः बसवली. साड्यांवर रोज दुसऱ्यांसाठी नक्षी करणाऱ्या बाईनं स्वतःसाठी केलेली ती पहिली नक्षी. संध्याकाळी ती त्या ओट्यावर तांदूळ निवडायला बसायची, तेव्हा तिची पाठ नेहमीपेक्षा ताठ असायची असं मला अजून आठवतं.

त्या पावसाळ्यात आमच्या घरात थेंबही आला नाही. धो धो पाऊस कोसळत होता आणि आम्ही कोरड्या जमिनीवर पाय पसरून बसलो होतो. वडील पुन्हा पुन्हा उंबरठ्याकडे बघत आणि हसत. पाऊस ओसरल्यावर आई बाहेर गेली, आणि बराच वेळ परत आली नाही.

शेजारी एक गुजराती बाई राहायची. नवरा गेलेला, घरात म्हातारी सासू. तीही साड्यांचंच काम करायची. आईनंच तिला ते मिळवून दिलं होतं. तिच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं. साड्यांचा अख्खा गठ्ठा भिजला होता, एकीचा रंग दुसरीला लागला होता. ती त्या पिळून पिळून दोरीवर टाकत होती. त्यांचा आता काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही. आईनं विचारलं, एवढं पाणी आलंच कसं?

ती साधेपणानं म्हणाली, "शुं करुं बेन? तमे ऊंचुं कर्युं, एटले पाणीए अमारुं बारणुं शोध्युं."

तुम्ही उंच केलंत, म्हणून पाण्यानं आमचं दार शोधलं. त्यात ना टोमणा होता, ना तक्रार. म्हणूनच बहुधा ते आईला इतकं लागलं. तिनं आमच्या ओट्याखालच्या पाइपात काठी घातली. ती हातभरही आत जाईना. गाळानं, बांधकामाच्या उरलेल्या खड्यांनी पाइप गच्च भरला होता. गल्लीचं सगळं पाणी आमच्या ओट्याशी येऊन अडत होतं आणि शेजारी वळत होतं.

वडील कामावरून आले तेव्हा ती दारातच उभी होती. म्हणाली, "आपलं पानी तिना घरमा गये. हाऊ ओटा फोडी टाका."

"येडी व्हयनी का तू?" वडील म्हणाले. "सगळासना ओटा शेतस. आपलाच काब्रं फोडाना?"

काब्रं, म्हणजे का म्हणून. प्रश्न चुकीचा नव्हता. गल्लीत सगळ्यांनीच गटरावर ओटे ओढले होते. आमचा तेवढा सर्वांत नवा आणि सर्वांत रुंद. आई वाद घालत बसली नाही. आठवड्यातून एकदा कारखान्यांची वीज बंद असायची, त्या सुटीच्या दिवशी, गल्लीतले सगळे पुरुष घरी असताना, तिनं पदर खोचला, घण घेतला आणि पहिला घाव स्वतःच्या फरशीवर घातला. लाद्यांचे रंगीत तुकडे उडाले. मी रडायला लागले. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळानं वडील उठले, तिच्या हातातला घण घेतला आणि ते घाव घालू लागले.

शेजारीण घमेलं घेऊन आली. खालच्या अंगाच्या घरातले एक काका आधी हसत होते. "भाभी, दुसरं कुणी फोडणार नाही, बघा," असंही म्हणाले. पण गटर मोकळं झाल्यावर वरच्या अंगाला साचलेलं पाणी आमच्या दारापर्यंत धावत आलं आणि त्यांच्याच ओट्यापाशी जाऊन थबकलं. सगळ्यांनी ते पाहिलं. काका घरात जाऊन पहार घेऊन आले. त्यानंतर घरामागून घर. गटरावरचा भाग गेला, दारांपुढे हातभर ओटे तेवढे उरले. उडिया, खानदेशी, गुजराती बायका एकाच रांगेत गाळाची घमेली सरकवत होत्या. कुणाला कुणाची भाषा पुरती येत नव्हती, आणि अडतही नव्हती. गल्लीच्या टोकाच्या खाडीपर्यंत गटर मोकळं झालं.

पुढचा मोठा पाऊस आला तेव्हा सगळी गल्ली आपापल्या दारात उभी होती. पाणी आलं, फुगलं, सगळ्यांच्या उंबरठ्यांखालून खळाळत निघून गेलं. शेजारणीच्या घरातून शिवणयंत्राचा आवाज येत होता. आईनं व्यापाऱ्याकडे स्वतः जाऊन तिचं काम पुन्हा सुरू करून घेतलं होतं.

आता तिथलं गटर जमिनीखाली गेलं आहे आणि गल्लीत निम्मी घरं नव्या लोकांची आहेत. मागे गेले तेव्हा गल्लीतल्या एका नव्या सुनेनं आईला विचारलं, इथले ओटे एवढे लहान कसे हो? आई म्हणाली, "पहिलेपासून असाच शेतस, बाई." मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. आई ओशाळून आत गेली आणि भांडी आवरू लागली.

तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. मला वाटतं. माणसं आपल्या मागे घरं ठेवतात, मजले ठेवतात, दारावर नावं कोरून ठेवतात. माझ्या आईनं एका गल्लीत थोडी मोकळी जागा ठेवली आहे. तिथून रोज माणसं जातात, आणि ती कुणी मोकळी केली हे कुणालाच माहीत नसतं.