गुप्त तारांची नोकरी

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. लष्कराच्या कचेरीत गुप्त तारा वाचायला कारकून हवे होते आणि नुकत्याच मॅट्रिक झालेल्या मला त्या नोकरीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. अर्जात एक प्रश्न होता, कुणाचं देणं आहे का? मी ठोकून दिलं, नाही. साताऱ्याच्या सायकलवाल्याचे चाळीस रुपये दोन वर्षं थकले होते. पण ते लष्कराला कशाला कळताहेत!

कळलं. साहेबाने समोर उभं केलं. "देणं सांगितलं असतंस, तर फेडून ये म्हटलं असतं," तो म्हणाला. "तू ते लपवलंस. तुझ्या हाती गुप्त कागद कसे द्यायचे?" अर्ज बाद झाला.

देणं दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि सायकलवाल्याला. म्हणजे चुगली त्याचीच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला एक छदाम द्यायचा नाही असं ठरवलं, आणि तेवढ्यावर थांबलो नाही. तो पोलिसांचा खबऱ्या आहे, असं चार ठिकाणी बोललो. चळवळीतल्या माणसांच्या धरपकडीचे दिवस होते. आमच्या भागात तेव्हा या एका शब्दाने माणूस आयुष्यातून उठत असे, हे मला पुरतं माहीत होतं.

पुढे सांगलीला हळदीच्या पेढीवर चिकटलो. सुट्टीत घरी आलो तेव्हा वडिलांसमोर त्याला शिव्या घातल्या. वडील पहिल्या लढाईतले शिपाई. त्यांचा हातातला घास थांबला.

"त्याला कशाला बोलतूस रं? जमादार चौकशीला आलता, तवा म्याच सांगितलं. फौजेत खोटं चालत न्हाई."

"पण आबा, तुमाला कसं कळलं?"

"बाजारात त्यानं तुजी खुशाली इचारली, म्या खोदून काढलं. जमादार आदी त्याच्याकडंच गेलता. त्यानं जमादाराला सांगितलं, पोराचं कायबी देणं न्हाई."

मी ताटावरून उठलो. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी चाळीस रुपये घेऊन साताऱ्याला गेलो. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. पूर्वी तिथे उभं राहायला जागा नसे. त्याने पैसे न मोजताच गल्ल्यात टाकले.

"लोक का येईनात, कायच कळंना गड्या," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. जमादार आलता, तवाच वळखलं, ह्ये पोरगं मोठ्या जाग्यावर जानार. लागली न्हवं नोकरी?"

"लागली," मी म्हणालो.