माझी न झालेली कावीळ

मला आयुष्यात कावीळ कधीही झालेली नाही. तरी अगदी परवापरवापर्यंत चिक्कडपल्लीतल्या आमच्या गल्लीत ‘ते कावीळवाले लेक्चरर साहेब’ म्हणूनच मला ओळखत. कुणाच्या घरी कुणाचे डोळे जरा पिवळे दिसले की लोक माझ्याकडे सल्ला मागायला यायचे आणि मी गंभीर चेहरा करून ‘तेलकट बंद करा’ म्हणायचो.

मला झालं होतं डिप्रेशन. हा शब्द आता मी चारचौघांत, भाजीवाल्यासमोरसुद्धा म्हणतो. तेव्हा मात्र तो घरात दार लावून, आवाज खाली घेऊनच निघायचा.

मी इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना गणित शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. एक दिवस फळ्यावर निम्मं गणित सोडवलं आणि हात थांबला. पुढची पायरी येत नव्हती असं नाही. ती लिहायची कशासाठी, तेच कळेना. मुलांना वाटलं, सर आता विचारणार, म्हणून पुढच्या बाकावरच्यांनी माना खाली घातल्या. मी खडू ठेवला आणि तास संपायच्या आधीच बाहेर आलो. त्यानंतर घरी मोजा हातात घेऊन पलंगावर बसायचो, तो पाऊण पाऊण तास. बायको आधी ओरडली, मग घाबरली, आणि शेवटी कुठून तरी पत्ता काढून मला कोठीला एका मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेली.

जाताना रिक्षात मी तिच्याशी भांडलो. भांडायचं त्राण नव्हतं, पण तेवढ्यापुरतं कुठून तरी आलं. आमच्या हैदराबादेत कुणी जरा वेगळं वागलं की ‘इसकू एर्रागड्डा छोड के आओ’ म्हणतात, कारण जुनं मनोरुग्णालय तिकडे आहे. हा विनोद मी स्वतः वर्गात वीस-बावीस वर्षं केलेला. आता तो माझ्यावरच उलटून आला होता आणि मला जराही हसू येत नव्हतं.

डॉक्टर वयस्कर होते. तेलुगू माणूस, पण बोलणं खास दख्खनी. मी म्हटलं, “डॉक्टरसाब, मैं पागल नहीं हूँ.” ते चष्मा पुसत म्हणाले, “मैं कब बोला? सर, दिमाग भी बदनकाच हिस्सा है ना? पेट बिगड़ता, घुटना बिगड़ता, ये भी बिगड़ता.” त्यांच्या त्या ‘बदनकाच’मधला ‘च’ ऐकून मला उगाच बरं वाटलं. हा ‘च’ दख्खनीनं आपल्या मराठीकडूनच उचलला म्हणतात. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, तीन-चार आठवडे धीर धरा म्हणाले, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं आणि कॉलेजातून दोन महिने सुट्टी घ्या म्हणाले.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं. वेडेपणा झाला तो पुढे, आणि तो बायकोनं केला. प्रिन्सिपॉलांना फोन तिनंच लावला. त्यांनी विचारलं, काय झालंय? ती म्हणाली, “सार, आयनकि कामेर्लु!” म्हणजे, ह्यांना कावीळ झालीय. मी पलंगावरून बघतच राहिलो. फोन ठेवून ती म्हणाली, “बघू नका असे. हार्ट म्हटलं असतं तर सगळं कॉलेज बघायला आलं असतं. टायफॉइडला दोन महिने कोण देतं? कावीळ बरी. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मूठ झाकली खरी, पण कावीळ म्हटल्यावरसुद्धा सगळं कॉलेज आलंच. हैदराबादेत कावीळ झालेल्या माणसाला एकटं सोडायची पद्धत नाही. कुणी भुईआवळ्याचा रस काढून आणला. एका सहकाऱ्यानं गळ्यात घालायला मुळ्यांची माळ दिली, ती लांबत जाते आणि गुडघ्यापर्यंत पोचली की कावीळ उतरते म्हणे. शेजारच्या अम्मांनी चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले, पाणी पिवळं झालं आणि त्यांनी ते विजयानं सगळ्यांना दाखवलं. नसलेली कावीळ उतरताना मी डोळ्यांनी पाहिली आहे.

“औषध कुणाचं?” या प्रश्नाला बायकोकडे आधी उत्तर नव्हतं. मग ती म्हणायला लागली, “कोठीला एक वैद्य आहेत.” मी दर आठवड्याला कोठीला जायचो हे तरी खरंच होतं. डॉक्टरांचा दवाखाना पुस्तकांच्या दुकानांवर, पहिल्या मजल्यावर. जिन्यात कुणी ओळखीचं दिसेल म्हणून मी आधी खाली एखादं जुनं पुस्तक विकत घ्यायचो आणि ते छातीशी धरून वर चढायचो. त्या वर्षी आमच्या घरात न वाचलेल्या पुस्तकांचा एक अख्खा कप्पा भरला. त्यात प्लंबिंगचं एक पुस्तक आहे.

या सगळ्यांत नेमानं यायची ती माझी धाकटी बहीण. ती नल्लकुंट्यात राहते. रोज दुपारी शाळेतून सुटली, तीही शिक्षिका, की उसाचा रस डब्यात भरून घेऊन यायची. कावीळ झालेल्याला उसाचा रस द्यावा, हे तिनं ठाम ठरवलेलं. मी तो प्यायचो आणि भिंतीकडे तोंड करून पडायचो. तिच्याशी काय बोलावं ते सुचत नसे. ती थोडा वेळ बायकोशी स्वयंपाकघरात बोलायची आणि रिकामा डबा घेऊन जायची. तिला खरं सांगावं असं बायकोला दोनदा वाटलं. मीच नको म्हटलं. बहिणीच्या सासरी कळलं तर? तिच्या घरच्यांनी उद्या काही बोलून दाखवलं तर? असली कारणं मी द्यायचो. खरं कारण एकच, मला लाज वाटत होती.

पाचव्या आठवड्यात मला मिर्ची खावीशी वाटली. ज्यांनी हे दिवस पाहिलेले नाहीत त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही. महिनाभर मी भात गिळत होतो, कारण ताटात असायचा. आणि त्या दिवशी संध्याकाळी, कोपऱ्यावरच्या बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, तळणाऱ्या मिर्ची भज्यांचा वास खिडकीतून आला आणि तोंडाला पाणी सुटलं. मी बायकोला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरले, आणि मग आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं की मला कावीळ आहे. बाहेरच्या खोलीत शेजारच्या अम्मा बसलेल्या. मग बायकोनं पदराखालून पुडी आणली आणि मी न्हाणीघरात कडी लावून, नळ सोडून चार मिर्च्या खाल्ल्या. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की बाहेरचा कंपाउंडर डोकावून गेला. म्हणाले, “मुबारक हो सर, दवा लग गई.”

पुढे मी कामावर गेलो. अधूनमधून वाईट दिवस आले, त्यातला एक तर महिनाभर टिकला, तेव्हा गोळी बदलावी लागली. पण फळ्यावरची पुढची पायरी मी लिहीत राहिलो. डॉक्टरांकडे जाणं चालूच होतं, कावीळ मात्र बरी झाल्याचं बायकोनं जाहीर करून टाकलं. आम्हाला वाटलं, प्रकरण मिटलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी बहिणीचा फोन आला.

“दादा, त्या कोठीच्या वैद्यांचा पत्ता दे.”

“कशाला?”

“ह्यांना कावीळ झालीय. पाच दिवस झाले. रस देतेय, भुईआवळा देतेय, पण उतार नाही. आज सारखे झोपतातच. तुला ज्यांनी बरं केलं त्यांच्याकडेच नेते.”

“अगं, तपासण्या? डॉक्टर?”

“तू कुठं गेला होतास डॉक्टरकडं? तुझी तर याच्यापेक्षा जास्त होती, दोन महिने होती. दवाखान्यात नक्को म्हणतायत हे. म्हणतात, मास्तर बरे झाले, मी पण होतो.”

मास्तर म्हणजे मी. माझे मेहुणे, म्हणजे आमचे दाजी, मला त्याच नावानं चिडवतात. माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हटलं, “ते वैद्य वारले.”

“अरे देवा,” बहीण म्हणाली. “मग त्यांचा मुलगा असेल की. तो देत असेल औषध.”

मी फोन हातात धरून उभा. चोवीस तास गणित शिकवणारा माणूस मी, माझ्या एका खोट्याची किंमत काय होऊ शकते याचा हिशोब मला दोन वर्षांत सुचला नव्हता. “मी येतो,” एवढंच म्हणालो आणि रिक्षा पकडली.

दाजी आडवे पडले होते. एरवी घर डोक्यावर घेणारा माणूस. मला पाहून “क्या मास्तर” म्हणाले आणि परत डोळे मिटले. ते डोळे हळदीसारखे पिवळे होते. उशाला उसाच्या रसाचा डबा, तोच, स्टीलचा, कडीचा.

मी बहिणीला म्हटलं, “यांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायचं.”

“पण वैद्य—”

“वैद्य नव्हतेच.”

“वारले म्हणालास ना?”

“नव्हतेच मुळी. मला कावीळ झालीच नव्हती. मला डिप्रेशन होतं. कोठीला मी मानसोपचार डॉक्टरकडे जात होतो. अजून जातो. रोज सकाळी गोळी घेतो.”

एवढं सगळं मी एका दमात बोललो आणि छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या डब्याकडे.

“म्हणजे रस?” तिनं विचारलं.

“उगाच.”

तिनं पर्समध्ये कागद कोंबले, शेजाऱ्याला हाक मारली, आम्ही तिघांनी धरून दाजींना खाली उतरवलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. लिव्हरला बरीच सूज होती. आणखी दोन-तीन दिवस घरी ठेवलं असतं तर हाताबाहेर गेलं असतं, म्हणाले. बहीण ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर ती माझ्याकडे वळली आणि कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, “तुझ्या लाजेपायी माझा नवरा गेला असता.”

तिचं खरंच होतं.

पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी रोज डबा घेऊन जायचो, मऊ भात आणि बिनतेलाची भाजी. ती डबा घ्यायची, मी बाकावर बसायचो, ती दुसऱ्या बाकावर. दाजींना हळूहळू उतार पडत होता, आणि उतार पडतोय तसे ते पुन्हा बोलायला लागले होते. मला म्हणाले, “मास्तर, तुमच्या काविळीपेक्षा माझी ओरिजिनल निघाली.” वॉर्डातल्या सगळ्यांना त्यांनी ही गोष्ट सांगितली. माझ्या डिप्रेशनसकट. मला वाटलं होतं, हे कधी कुणाला कळलं तर मी जमिनीत गडप होईन. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांनी फक्त विचारलं, “गोली से नींद आती क्या साब? मेरेकू भी चिंता बहुत होती,” आणि मी त्यांना माझ्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

पाचव्या दिवशी बहीण आपणहून माझ्या बाकावर येऊन बसली.

“एक विचारू?” ती म्हणाली. “मी रोज यायचे तेव्हा तू माझ्याकडे बघायचासुद्धा नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडायचास. मला वाटलं, आईच्या शेवटच्या दिवसांत मी कमी पडले, ते तू मनात धरलंयस. म्हणून बोलत नाहीस. घरी जाऊन रडायचे मी. दोन वर्षं हेच घेऊन बसलेय.”

आईच्या शेवटच्या दिवसांत बहीण कमी पडली, असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मग जे खरं होतं ते सांगितलं.

“तेव्हा मी दिवसभर उठायचो नाही. अंघोळीलासुद्धा नाही. जिन्यात तुझी चप्पल वाजली की तेवढा उठून बसायचो. तू आत येईपर्यंत उशी नीट लावायचो. दिवसातून एकदा उठायचो ते तुझ्यासाठी. त्यानंतर बोलायला काही उरायचं नाही, म्हणून भिंतीकडे वळायचो.”

तिनं तोंडावर पदर धरला आणि हमसून हमसून रडायला लागली. तिला बघून मीही. पन्नाशी उलटलेले आम्ही दोघं बहीणभाऊ भर वॉर्डात मोठ्यानं रडत होतो. नर्स धावत आली, तिनं आधी खाटेकडे पाहिलं. दाजींनी हात वर केला. “घबराओ नक्को सिस्टर, मैं जिंदा हूँ.”

“फिर क्या हुआ अम्मा?” नर्सनं बहिणीला विचारलं.

बहिणीनं डोळे पुसले. माझा हात तिनं घट्ट धरलेला होता.

“कुछ नहीं सिस्टर,” ती म्हणाली. “मेरे भाई की तबियत बहुत खराब थी, दो साल पहले. मेरेकू आज समज में आया.”