नाल्यापलीकडे गेलेला भात

परवा नातवानं गोंदियाहून नवा तांदूळ आणला. तो शिजताना घरभर वास सुटला आणि मी मुर्री गावच्या चर्चमागच्या चुलीपाशी जाऊन पोचले.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी नवी सून. कापणीच्या सणाला घराघरातून आलेला नवा तांदूळ एकाच मोठ्या गंजात रांधायचा आणि उपासनेनंतर सगळ्या मंडळीनं एकत्र जेवायचं, ही आमची रीत. आदल्याच दिवशी नाल्यापलीकडचा गोंडांचा टोला, सगळी वस्तीच, जळून गेला होता. पाळकांनी त्या लोकांसाठी सुंदर प्रार्थना केली. आम्ही 'आमेन' म्हटलं आणि मी भात बघायला बाहेर आले.

सासूबाई मागोमाग आल्या. झाकण उचलून म्हणाल्या, "हा भात आपण कायले खाऊन राहिलो? तिकडं चूल नाई पेटली."

मागून आलेले पाळक म्हणाले, "बाई, मंडळी उपाशी आहे. उरलेला पाठवू."

"उरलेला तं कुत्र्याले टाकतात, साहेब."

मग पाळकांनीच झगा काढून खुंटीला लावला आणि गंज अडकवलेल्या बांबूचं एक टोक खांद्यावर घेतलं. वाफेनं त्यांचा चष्मा धुरकटला होता. मी मात्र भुकेनं सासूबाईंवर चिडले होते.

आता चर्चला गुळगुळीत फरशी आहे, आवाराला भिंत आहे, फाटकाला कुलूप आहे. सणाचं जेवण दरवर्षी वेळेवर होतं. पहिला घास हातात घेऊन मी बघत राहते, कोणी उठतं का. मीही उठत नाही.