फिलोमिनाची आकडी

एरलिंडामावशी माझ्या आईवर जळायची. उगीच कशाला गोड बोलू? आईचं नाव निघालं की तिचं तोंड वाकडं व्हायचं. कारण एकच, आजीची आकडी.

मेलेल्या सग्वारोच्या, म्हणजे झाडाएवढ्या उंच निवडुंगाच्या, वाळक्या फासळ्या एकमेकींना बांधून केलेली ती आकडी आजीने धाकट्या लेकीला, म्हणजे माझ्या आईला, फिलोमिनाला दिली. दर उन्हाळ्यात रानात आमचा तळ पडायचा, आई तिने सग्वारोची बोंडं पाडायची आणि थोरली असून मावशी चुलीपाशी त्यांचा पाक ढवळत बसायची. तेही एका काळ्या पडलेल्या दांडक्याने. त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

"फिलोमिना बुटकी ती बुटकीच," मावशी सगळ्यांदेखत म्हणायची. "शेंड्याची बोंडं पाखरांनाच!"

"तू पाक करपवू नकोस म्हणजे झालं," आई सग्वारोखालून ओरडायची.

या हिवाळ्यात आई गेली. आकडी माझ्याकडे आली. उन्हाळ्यात मावशी तळावर आली ती आकडीवर नजर लावूनच. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, आकडी मागायला आलीस ना? नाही मिळायची. आईची आहे ती."

"तुझ्या आईची?" मावशी फणकारली. "आधी माझी होती! माझ्या उंचीची करून दिली होती आजीने तुझ्या. एक उन्हाळा मिरवली मी. मग तुझी आई रडत बसली, मलाच हवी म्हणून. आजीने करवत घेतली, आकडी आखूड केली आणि दिली तिच्या हातात. मला विचारलंसुद्धा नाही गं!"

तिने ते ढवळायचं दांडकं माझ्यापुढे धरलं. मी ते आकडीच्या बुडाला लावून बघितलं. तिरका काप बरोबर जुळला. मी तार आणली आणि घट्ट बांधून दिलं.

मावशीने आकडी उचलली. मला मदत करू देईना. तळाजवळच्या सगळ्यात उंच सग्वारोच्या शेंड्याला आकडी टेकली आणि एक बोंड खाली आलं. पहिलं बोंड आम्ही छातीला लावतो, आभार मानतो, मगच खातो. मावशीने तसं केलं. टरफलाची लाल बाजू आभाळाकडे करून ते जमिनीवर ठेवलं, पाऊस यावा म्हणून.

"बघ फिलोमिने," ती मोठ्यांदा म्हणाली, "पोचले की नाही शेंड्याला?"

मग तिथेच मटकन बसली आणि रडायला लागली.

"आता कुणाला दाखवू गं?"