पानिपत मी जिंकलं

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका शाळेत शिवण शिकवायचे. शनिवारी शाळा सुटली की इतिहासाचे सर आणि चित्रकलेचे सर माझ्याच वर्गात फरशीवर खडूने रणांगण आखून पानिपत खेळत बसायचे. चिंचोके मराठ्यांचे, कवड्या अफगाणांच्या. एक नियम मात्र कडक होता. सरदाराचा हुकूम त्याच्यापासून दोन विती पोचतो, त्यापलीकडचं पथक जागचं हलत नाही.

मराठे दर शनिवारी हरायचे. इतिहासाचे सर चिंचोके या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरायचे आणि मधोमध एकच सेनापती बसवायचे. टोकाची पथकं नुसती बघत राहायची. शेवटी मी वैतागले. म्हटलं, "सर, एका वाढप्याच्या गळ्यात अख्खी पंगत घालतं का कुणी?"

"मग मांडा तुम्हीच!" सर फणकारले.

मांडली. चांदवडला आमच्या घरच्या लग्नांत पंगती मीच लावायचे. वाढप्याचा हात फिरेल तेवढीच पानं मांडायची, बाकीची मंडळी दुसऱ्या पंगतीला. तशीच मी आघाडी निम्म्यावर आणली, प्रत्येक सरदाराला त्याच्या हुकमात बसतील तेवढीच पथकं दिली आणि उरलेले चिंचोके मागे राखून ठेवले. तासाभरात फरशीवर एक कवडी उरली नाही.

"बाई, हे कुठल्या ग्रंथात सापडलं तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"ग्रंथ लिहिणारे पंगतीला बसतात, सर," मी म्हटलं, "पंगत लावत नाहीत."