शेवटचं एक अक्षर

घाटघरच्या बाजूला डोंगरातली एक शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी आठ कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम मला दिलं, तेव्हा राजुरीतलं माझं दुरुस्तीचं दुकान जेमतेम वर्षाचं होतं. शाळा समितीचे अध्यक्ष वयस्कर शेतकरी. त्यांना वाटत होतं, पुण्याहून कोणीतरी बोलवावं. बाई मात्र काम मलाच द्यायचं म्हणून अडून बसल्या होत्या.

त्या भागात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. शाळेकडे एकच इन्व्हर्टर. म्हणून मी ऑफिससाठी बनतात तसले प्रोसेसर निवडले. त्यांच्या पोटातच ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायची सोय असते, त्यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. वीज कमी खातात, तापत नाहीत, लहानशा डब्यात मावतात. अध्यक्षांना मी हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. कार्ड लागणार नाही, असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

माल पुण्याच्या व्यापाऱ्याकडून आला. प्रोसेसर खोक्याशिवाय, नुसत्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. बिलावर नाव बरोबर होतं, मी घाईत तेवढंच पाहिलं. दुपारपर्यंत आठही मशिनी जोडल्या आणि पहिल्या मशिनीचं बटण दाबलं.

पंखा फिरला. स्क्रीन काळाच.

केबल बदलली, रॅम बदलली, मॉनिटर बदलला. दुसरी मशीन लावली, तीही तशीच. तिसरीही. अध्यक्ष वाकून बघत म्हणाले, "ताई, पंखा तर लई जोरात फिरतोय. पण चित्र कुठं हाय?"

आठही मशिनी एकाच वेळी बिघडत नसतात, एवढं मात्र मला कळत होतं. एकीच्या प्रोसेसरवरचा पंखा, म्हणजे कूलर, काढला, खालची उष्णता ओढणारी राखाडी पेस्ट पुसली आणि टॉर्च लावून वर कोरलेलं नाव वाचलं. नाव तेच होतं, पण शेवटी एक अक्षर जास्तीचं. ते अक्षर म्हणजे आत ग्राफिक्स नाही. बाकी सगळं सारखं, फक्त चित्र काढायची सोय नाही.

व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, साधी कार्डं पाठवतो, टाका आणि मोकळ्या व्हा. शाळेत कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," मी म्हटलं.

अध्यक्षांना सरळ सांगितलं, "चुकीचा माल आलाय. अक्षर न वाचता बसवला, ही माझी चूक. बदलून आणते."

ते म्हणाले, "बरं. पण तूच ये."

आठही प्रोसेसर काढले, पुसले, ट्रेमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात व्यापाऱ्याच्या काउंटरवर ते मांडले. पेस्ट लागलेला माल परत घेत नाही, असं तो म्हणाला. मी माझी ऑर्डर आणि त्याचं बिल शेजारी शेजारी ठेवलं आणि स्टूल ओढून बसले. गिऱ्हाइकं येत होती, माझ्याकडे बघत होती. त्यानं दोनदा चहा विचारला, मी नको म्हटलं. चार वाजता त्यानं गोडाऊनमधून दुसरा ट्रे मागवला. तिथंच एकेका प्रोसेसरवरचं नाव मी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, मगच उठले.

पुन्हा शाळेत गेले. पहिल्या मशिनीत प्रोसेसर बसवला, बटण दाबलं. स्क्रीन उजळला. मागून अध्यक्षांचा आवाज आला, "आलं राव!"

सात मशिनी झाल्यावर बाई शेजारी येऊन बसल्या.

"आठवी मी करते," त्या म्हणाल्या. "पावसात रस्ता बंद झाला तर तुम्ही कशा येणार?"

प्रोसेसर जिथं बसतो त्या सॉकेटमधल्या पिना केसासारख्या बारीक. एक वाकली तरी अख्खा मदरबोर्ड गेला. माझा हात आपोआप पुढं झाला होता, तो मी मागं घेतला. कोपऱ्यावरची खूण खुणेसमोर, दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं, एवढंच सांगितलं. बाईंनी श्वास रोखून प्रोसेसर ठेवला, वरचा खटका लावला, पेस्टचा थेंब सोडला, कूलरचे चारही स्क्रू पिळले.

बटणही त्यांनीच दाबलं. चित्र आलं, तेव्हा त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि मला विचारलं, "आता हे परत खोलून, पुन्हा जोडून दाखवू का?"

"दाखवा," मी म्हटलं.